पायाखालचें पोवळें

आमच्या तेरला समुद्र नाहीं. तेरणा नदी आहे, पण उन्हाळ्यांत तिच्यांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. आणि गांवांतल्या जुन्या मंडळींपैकीं कित्येकांनीं समुद्र पाहिला तो पंढरपूर-आळंदी सगळें झाल्यावर, कोणा मुलाच्या नोकरीच्या निमित्तानें मुंबईस जाणें झालें तेव्हां. अशा गांवच्या माणसानें पाठीवर हवेचें सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशीं जावें, आणि परत आल्यावर त्यावर नीतीची चर्चा करीत बसावें, हें कांहींसें हास्यास्पद दिसेल. आम्हांसही तें तसेंच दिसतें. परंतु तेथें जें घडलें तें मनांतून जाईना, आणि त्याचा उलगडा करण्यास आम्हांस शेवटीं आमच्याच गांवच्या एका कुंभाराकडे यावें लागलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

तसें पाहिलें तर तेर आणि समुद्र हे एकमेकांस अगदींच अपरिचित नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक नाविकानें लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तांत तगर नांवाचें नगर येतें. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तें आहे, आणि तेथील जाडेंभरडें तसेंच तलम कापड गाड्यांत घालून बिकट मुलखांतून भडोचच्या बंदरास नेतात, असें तो सांगतो. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीटसाहेबांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें व विद्वानांनीं तें मान्य केलें. आम्हां गांवकऱ्यांस या गोष्टीचा अभिमान आहे आणि पाहुण्यांस ती सांगितल्यावांचून आम्ही राहत नाहीं. पण त्याच वृत्तांत भडोचास बाहेरून येणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तींत मद्य, तांबें, कथील, शिसें यांच्याबरोबर पोवळेंही आहे, हें आम्हीं या प्रवासानंतर प्रथमच लक्ष देऊन वाचलें. म्हणजे आमचें कापड ज्या धक्क्यावर उतरत होतें त्याच धक्क्यावर पश्चिमेकडच्या समुद्रांतून काढलेलें पोवळें उतरत होतें. तें काढण्यासाठीं खालीं कोण उतरला, त्याचें काय झालें, पोवळ्याचें काय झालें, याची चौकशी तगरच्या बाजारांत कोणीं केली असेल असें वाटत नाहीं. बाजाराचा तो धर्मच नव्हे.

असो. गेल्या पौषांत आम्ही सहकुटुंब मालवणास गेलों. बरोबर आमच्या मातोश्री होत्या आणि बहिणीचा सोळा वर्षांचा मुलगा होता. बेत मूळचा त्याचाच. उतरण्याची जागा देवबागेकडे होती. तेथें एका बाजूस कर्ली नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मधून एक चिंचोळी वाळूची पट्टी जाते. तिच्यावर माडांच्या सावलींत पर्यटकांच्या खोल्या ओळीनें बांधल्या आहेत. पहिल्या दिवशीं सर्वांनीं समुद्रस्नान केलें. अंगावरचें मीठ धुण्यासाठीं न्हाणीघरांत गोड्या पाण्याचा फवारा होता. मातोश्री आंत गेल्या आणि दोन तांब्यांत आंघोळ उरकून बाहेर आल्या. भाचा हसला. पण २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, आणि त्या दिवसांत आमच्या घरींही भांडीं राखेनें घांसून फडक्यानें पुसलीं जात होतीं. पाण्याचा नळ सोडतांना ज्याचा हात आपोआप आंखडतो त्यास नीतिशास्त्र शिकवावें लागत नाहीं. तें त्याच्या मनगटांतच उतरलेलें असतें. ही गोष्ट त्या वेळीं आम्हांस किरकोळ वाटली. पुढें तिचा संबंध येणार आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं होडीनें सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूस नेलें. शिवछत्रपतींनीं १६६४ ते १६६७ या काळांत कुरटे बेटावर बांधविलेला हा किल्ला आमच्या पिढीनें पाठ्यपुस्तकांतील चित्रांवरून पुष्कळ पाहिला आहे. त्याच्या तटाच्या सावलींत पाण्याखालीं काय आहे तें मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हतें. ज्यांस पोहतां येत नाहीं त्यांसही खालीं नेतात. तोंडांत रबरी नळी, डोळ्यांवर व नाकावर कांच, कमरेला शिशाचीं वजनें, आणि मागें गळ्यापाशीं धरून नेणारा एक वाटाड्या. पाण्याखालीं स्वतंत्रपणें श्वास घेण्याचें हें साधन १९४३ सालीं कूस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं सिद्ध केलें. त्यांतील खुबी अशी कीं, माणूस जितका खोल जाईल तितक्या दाबाची हवा त्यास मिळते, आणि तीही तो ओढील तेव्हांच. दहा मीटर खालीं दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून पहिला आणि सर्वांत कडक नियम असा, कीं श्वास कधींही रोखावयाचा नाहीं. कारण वर येतांना छातींतील हवा फुगते आणि फुप्फुसें फाटण्याचें भय असतें. आम्हीं लहानपणीं प्राणायामांत कुंभक साधण्यासाठीं आजोबांच्या छड्या खाल्ल्या आहेत. साठीकडे झुकल्यावर कोणीतरी ‘कुंभक करूं नका’ म्हणून बजावतो, याची मोठी मौज वाटली.

दुसरी मौज खुणांची. पाण्याखालीं बोलणें नाहीं. आणि तेथें आंगठा वर करणें म्हणजे ‘उत्तम’ नव्हे, तर ‘मला वर न्या’. आमच्या भाच्यास हें होडींत दोनदां सांगितलें होतें. पण माशांचा थवा दिसतांच त्यानें आनंदाच्या भरांत आंगठा उंचावला, आणि त्याच्या वाटाड्यानें त्यास तत्काळ वर आणून सोडलें. संध्याकाळपर्यंत तो त्या वाटाड्याशीं बोलत नव्हता.

आतां मुख्य गोष्ट. सुमारें सहा मीटर खालीं गेल्यावर पहिली भीति ओसरली. स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा ऐकूं येत होता. बाकी सारें निःशब्द. खडकांवर पोवळ्यांचे उंचवटे होते. कांहीं मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे, कांहीं थाळीसारखे पसरलेले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे अगदीं कांचेजवळ येऊन आमच्याकडे पाहूं लागले. त्या क्षणीं जें वाटलें त्याचें वर्णन आम्ही करणार नाहीं, कारण तें साधणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं देहाचें भान राहिलें नाहीं. देवळांत, उत्तम गाणें ऐकतांना, क्वचित् एखाद्या ग्रंथांत आम्हीं जें अनुभवलें आहे त्याच जातीचें तें होतें. मासे आमच्याकडे कां आले, तें मागाहून कळलें: छायाचित्रें चांगलीं यावींत म्हणून वाटाड्यानें मुठींत पावाचे तुकडे आणले होते. पण हें कळल्यानें तो अनुभव खोटा ठरतो असें आम्हांस वाटत नाहीं. देवळांतील समईलाही तेल कोणीतरी घालतच असतो.

त्या तंद्रींत आम्हीं तोल सांवरण्यासाठीं पाय खालीं टेकला. पायाखालीं कांहींतरी कडकन् मोडल्याचें ऐकूं आलें नाहीं, पण जाणवलें. वाटाड्यानें आमचा घोटा धरून पाय बाजूस ओढला. खालीं पाहतों तों थाळीसारख्या एका पोवळ्याची हातभर कड तुटून पडली होती, आणि आमच्या टाचेंतून रक्ताची बारीक रेघ वर निघाली होती. पाण्याखालीं तांबडा रंग सर्वांआधीं मावळतो. त्यामुळें तें रक्त रक्तासारखें दिसलेंच नाहीं, काळपट धुरासारखें दिसलें.

होडींत आल्यावर तो पोरगा रागावला नव्हता. त्यानें टाचेवर औषध लावलें आणि सहज म्हणाला, “काकानू, मासो बघितलास, पन पाय खंय पडलो तो नाय बघितलास.” आमच्या भाच्यानें तो तुकडा आठवण म्हणून मागितला. ‘नाय गावूचो,’ असें म्हणून त्यानें हात हलविला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं पोवळ्यांचा समावेश झाला आहे, तुकडा नेणें हा गुन्हा आहे. मोडणें हा अपघात आणि नेणें हा गुन्हा! कायद्याचें हें गणित आम्ही त्या रात्रीं पुष्कळ वेळ घोळीत होतों.

पोवळें म्हणजे दगड नव्हे, हें वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेलच. तरी स्पष्ट सांगितलेलें बरें. तो अतिसूक्ष्म प्राण्यांचा समुदाय आहे. प्रत्येक प्राणी आपल्याखालीं चुनखडीची बैठक बांधतो, आणि त्याच्या देहांत राहणारें सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न करून त्यास देतें. घट्ट, घुमटाकार जातीचीं पोवळीं वर्षाला कांहीं मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर वाढतात. थाळीसारखीं किंचित् लवकर. आमच्या पायानें जें मोडलें तें घडावयास किती पावसाळे लागले असतील, याचा अंदाज करण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आमचे एक स्नेही वकील आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांनीं ती हंसण्यावारी नेली. ते म्हणाले, “हेतु नाहीं तेथें अपराध नाहीं. तुम्ही जाणूनबुजून का पाय दिलात? आणि पोवळीं मरतात तीं तुमच्या टाचेनें नव्हे, समुद्र तापल्यानें मरतात.” दुसरा मुद्दा खरा आहे. पाणी प्रमाणाबाहेर तापलें म्हणजे पोवळें आपल्या अंगांतील शेवाळ बाहेर टाकतें, पांढरें पडतें आणि पुष्कळदां उपासमारीनें मरतें. १९९८, २०१० आणि २०१६ या सालीं लक्षद्वीपाकडे हें मोठ्या प्रमाणावर घडलें. आणि एप्रिल २०२४ मध्यें शास्त्रज्ञांनीं जगभरच्या समुद्रांत अशी चौथी साथ चालू असल्याचें जाहीर केलें. त्या हिशेबांत आमची टाच कोठें बसते? पण हाच युक्तिवाद थोडा पुढें नेला तर समुद्र तापविण्यांतही कोणा एकाचा वांटा दिसण्याजोगा नाहीं. आणि मग सर्वांनीं मिळून मारलें तें कोणींच मारलें नाहीं, असें ठरतें. वकीलसाहेबांच्या धंद्यास तें सोयीचें असेल. आम्हांस त्यांच्या पहिल्या मुद्द्यानें अधिक त्रास दिला.

हेतु नाहीं तेथें अपराध नाहीं काय? हा वाद आमच्या गांवांत नवा नसावा. येथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ मूळचें बौद्ध चैत्य असावें असें पंडित म्हणतात, आणि गांवांत जैनांचेंही पुरातन मंदिर आहे. बौद्धांनीं कर्माचें मूळ चेतनेंत, म्हणजे हेतूंत पाहिलें. जैनांनीं, विशेषतः उमास्वातींनीं, हिंसेच्या व्याख्येंतच प्रमाद घातला. त्यांच्या मतें बेसावधपणें प्राण घेणें हीच हिंसा; मुनीनें चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावें, तें याचसाठीं. आणि आमच्या घरांतून सकाळीं अंथरुणावरून उतरतांना, पाय लागणार म्हणून धरित्रीची आधींच क्षमा मागण्याची चाल आहे. ती चाल सुंदर खरी. पण पूर्वीं आम्हांस जी निव्वळ नम्रता वाटे, तींत आतां थोडी पळवाटही दिसूं लागली आहे. क्षमा आधींच मागून ठेवली म्हणजे पुढें दिवसभर खालीं पाहण्याचें कारण उरत नाहीं.

तथापि आमचा प्रश्न नुसत्या बेसावधपणाचा नव्हता. बेसावधपणा आळसानेंही येतो, मद्यानेंही येतो. आमचा आला होता तो सौंदर्यांत बुडून गेल्यानें. ज्या अवस्थेस आम्ही जन्मभर मनुष्याची सर्वांत उंच अवस्था समजत आलों, तींतून. उंच अवस्थेंत घडलेला अपघात हा त्या अवस्थेच्या पुण्याईनें धुऊन निघतो कीं नाहीं? येथें आम्ही गोरोबाकाकांच्या पायरीशीं येऊन पोहोंचलों.

गोरोबांची गोष्ट महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. आमच्या गांवांत तर ती पाळण्यांतच ऐकूं येते. ज्ञानदेव-नामदेवांचे हे समकालीन, वयानें सर्वांत वडील, म्हणून काका. चिखल तुडवीत असतां विठ्ठलाच्या नांवांत ते इतके रंगले कीं रांगत आलेलें स्वतःचें मूल पायाखालीं तुडविलें गेलें तरी त्यांना कळलें नाहीं. कीर्तनकार हा प्रसंग भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात, आणि श्रोते डोळे पुसतात. आम्हींही पुसले आहेत. पण टाचेची जखम घेऊन समाधीपाशीं बसलों त्या दिवशीं, आजवर न सुचलेल्या दोन-तीन गोष्टी आम्हांस सुचल्या.

एक तर चिखल तुडविणें म्हणजे काय? आमच्या गांवच्या कुंभारवाड्यांत विचारा. पायानें तुडवितांना माती नुसती मऊ होत नाहीं. तींतला खडा, काडी, कांच पायासच लागते, आणि कुंभार ती वेंचून काढतो, कारण एक खडा राहिला तर मडकें भट्टींत फुटतें. म्हणजे कुंभाराचे पाय हे त्याचे डोळेच होत. ज्या पायांना राईएवढा खडा कळतो त्यांना मूल कळलें नाहीं! ती तल्लीनता खरी म्हणावयाची, तर तिनें प्रथम त्याचें कसब हिरावून घेतलें, हेंही म्हणावें लागेल. मातोश्रींचा नळाकडे जाणारा हात आणि कुंभाराचा पाय हे एकाच शाळेंत शिकले आहेत. आमचा पाय त्या शाळेंत गेलाच नव्हता. समुद्राच्या तळाशीं काय असतें तें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें, आणि शिकण्यापूर्वींच आम्हीं त्यास तेथें नेलें.

दुसरें असें, कीं गोष्ट मूल मेल्यावर संपत नाहीं. पुढें पंढरीस कीर्तनांत मूल रांगत परत येतें तेव्हां ती संपते. भक्तीनें तो दोष धुऊन निघाला असता तर मूल परत आणण्याची देवास गरजच काय होती? ज्यांनीं ही गोष्ट प्रथम सांगितली त्यांना पक्कें ठाऊक होतें कीं मूल परत आल्यावांचून ऐकणारी कोणतीही आई जागेवरून उठणार नाहीं. गोरोबांच्या कुटुंबाचा आक्रोश कथेनें दाबून टाकला नाहीं, याबद्दल त्या जुन्या कथेकऱ्यांविषयीं आमचा आदर दुणावला आहे.

आणि तिसरें हातांचें. पत्नीनें विठ्ठलाची शपथ घालून आपणांस स्पर्श करूं नका म्हणून बजावलें. पुढें तिचीच बहीण त्यांना दिली, तेव्हां दोघींस सारखें वागवा हें सासऱ्याचें वचनही त्यांनीं अक्षरशः पाळलें. मग दोघींनीं रात्रीं निजलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर ठेवले. सकाळीं जागे होतांच त्यांनीं ते हात तोडून टाकले. येथें हेतु नव्हता, जाणीव नव्हती; कृतीदेखील त्यांची नव्हती, दुसऱ्यांनीं करविलेली. वकीलसाहेबांनीं हें प्रकरण पहिल्याच तारखेस निकालांत काढलें असतें! तरी त्या माणसानें ‘मला ठाऊक नव्हतें’ हें उत्तर स्वतःच्या बाबतींत घेतलें नाहीं. हात तोडणें आम्हांस अघोरी वाटतें आणि त्याचें अनुकरण कोणीं करावें असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. पण एरव्हीं ज्याच्या तल्लीनतेचा दाखला देऊन आम्ही आपली टाच सोडवून घेणार होतों, त्या साक्षीदारानेंच आमच्याविरुद्ध साक्ष दिली.

तर मग जाऊंच नये काय? कांहीं कडव्या मंडळींचें तसें म्हणणें आहे. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं त्यांनीं त्या वाटाड्याचें घर पाहून यावें. त्याचे आजोबा रापण ओढीत. सारा वाडा किनाऱ्यावरून एकच लांब जाळें ओढी आणि मिळेल तें वांटून घेई. मालवणचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारें २९ चौरस किलोमीटर. तेव्हांपासून जाळीं बंद होतील या भयानें मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. त्या विरोधास हटवाद म्हणणें आम्हांस धजवत नाहीं. ज्यांचें पोट समुद्रावर, त्यांना न विचारतां त्यावर रेघ ओढली गेली होती. आज नातू पावसाळा सोडून आठ महिने आमच्यासारख्यांचे घोटे धरून कमावतो. पोवळें राहिलें तर त्याचा धंदा राहील, आणि धंदा वाढला तर पोवळें राहणें कठीण; या पेंचांत तो रोज सकाळीं पावाचे तुकडे घेऊन उतरतो. आम्ही गेलों नाहीं म्हणजे आमचे पाय स्वच्छ राहतील, त्याचें काय होईल हें आम्हांस पाहावें लागणार नाहीं, इतकेंच. हा स्वच्छपणा तगरच्या बाजारांतल्या पोवळें घेणाऱ्याच्या स्वच्छपणाहून फारसा वेगळा नव्हे.

भाचा पुढच्या हिंवाळ्यांत पुन्हां जाणार म्हणतो. आम्हीं अट घातली आहे कीं आधीं पोहण्याच्या तलावांत शिकावें: तळाला पाय न लावतां, वर न उसळतां, नुसत्या श्वासावर पाण्यांत अधांतरीं राहणें. तारकर्लीस हें शिकविण्याची सोय आहे. श्वास घेतला कीं देह किंचित् वर जातो, सोडला कीं किंचित् खालीं. तेवढ्या अंतरांत स्थिर राहावयाचें. तें साधेपर्यंत मासे पाहण्यास बंदी. त्याला ही अट जाचक वाटते. आम्हीं स्वतः ती अट पार पाडूं कीं नाहीं, हें आमच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे.

पोवळ्याच्या जखमा लवकर भरत नाहींत. महिनाभर टाच खाजत होती. एके संध्याकाळीं मातोश्री तिला हळद लावीत असतां आम्ही त्यांना हें सगळें सांगत होतों: तें दगड नसतें, त्यांत जीव असतो, तो किती सावकाश घर बांधतो. त्यांच्या उजव्या हाताच्या अनामिकेंत मंगळासाठीं म्हणून चाळीस वर्षांपूर्वीं कोणा ज्योतिष्यानें घालावयास लावलेली पोवळ्याची आंगठी आहे. त्यांनीं विचारलें, “मग हेंही?” आम्हीं म्हटलें, तें दूरच्या समुद्रांतलें, जात वेगळी, पण होय, हेंही. त्या बराच वेळ बोटाकडे पाहत राहिल्या. मग हळदीचा हात धुऊन, नळ घट्ट बंद करून दिवा लावावयास आंत गेल्या. आंगठी अजून बोटांतच आहे. आम्हीं तो विषय पुन्हां काढला नाहीं.